अपसेट फक्त पहिल्या आठवड्यात?
टेनिसच्या मोठ्या स्पर्धांत धक्कादायक निकाल पहिल्या आठवड्यातच लागतात, सेमीफायनलपासून फेवरेटच जिंकतात म्हणताय, मग २०१५ ची यूएस ओपन विसरलात की काय! सेरेना विल्यम्स त्या वर्षीच्या आधीच्या तिन्ही ग्रँड स्लॅम जिंकून आलेली, सेमीत समोर इटलीची रोबर्टा विन्ची, सीडिंगसुद्धा (स्पर्धेआधी दिलेलं मानांकन) नाही, आणि पहिला सेट ६-२ गेल्यावर मी तर टीव्ही बंदच करणार होतो. पण विन्चीबाईंनी बॅकहँड स्लाइस (बॉल कापून मारलेले, कमी उसळणारे फटके) असे काही खाली ठेवले की सेरेनाला प्रत्येक बॉलला वाकावं लागत होतं, पुढचे दोन्ही सेट ६-४, ६-४. तिसऱ्या सेटमध्ये एक रॅली जिंकून विन्चीचे प्रेक्षकांना हातवारे, अरे माझ्यासाठी पण वाजवा टाळ्या :) दुसऱ्या सेमीत इटलीच्याच फ्लाविया पेनेटाने दुसऱ्या सीडच्या सिमोना हालेपला ६-१, ६-३ धुतलं, म्हणजे पहिल्या दोन्ही सीड एकाच दिवशी घरी.