७२ वर्षांच्या कैद्याची सुरक्षित तुरुंगात बदली मागणं चूक आहे का?

जेलरोडकर:
माझे थोरले चुलते, आप्पा, वय ७२. जन्मठेपेचे पक्के कैदी आहेत. निफाड तालुक्यात बांधाच्या वादात भाऊबंदाचा जीव गेला. कुऱ्हाड आप्पांच्याच हातात होती, हायकोर्टातही शिक्षा कायम झाली. त्याबद्दल आम्हा घरच्यांची काही तक्रार नाही.

आम्ही जेल रोडला राहतो, पण आप्पा नाशिकरोडच्या कारागृहात नाहीत. राज्याच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या तुरुंगात आहेत. त्यांच्या बराकीत टोळ्यांमधली तरणी पोरं भरलीत. आप्पांची सतरंजी संडासाच्या तोंडाशी, कारण ज्याला भांडता येत नाही त्याच्या वाट्याला तीच जागा. पहाटे ओल्या फरशीवर पाय सरकून मनगट मोडलं. कॅन्टीनमधून घेतलेलं बिस्कीट, साबण संध्याकाळपर्यंत टिकत नाही. गेल्या मुलाखतीत काचेपलीकडे बसले तेव्हा चष्म्याला एक काडी नव्हती. चादरीची किनार फाडून नाडी केली होती, ती कानामागून बांधलेली. "पडला," म्हणाले. शेजारी बसलेल्या कैद्याने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नाही म्हणून.

बदलीसाठी अर्ज तयार केलाय. वयस्कर कैद्यांना वेगळं ठेवतात आणि आत दवाखाना आहे अशा ठिकाणी हलवा, एवढीच मागणी. सोबत गावातल्या चार जाणत्यांच्या सह्या जोडायच्या होत्या, तर "खुन्याला कसली सोय?" म्हणून दोघांनी कागद परत केला. न्यायाधीशांनी जन्मठेप लिहिली, रोजचा मार लिहिला नाही. सुनील बत्रा खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगितलंय की शिक्षा झाली म्हणून कैद्याचे मूलभूत हक्क संपत नाहीत. मग सही द्यायला अडचण काय आहे? मोकळेपणाने बोला.

पिंपळगावचा_बागायतदार:
मोकळेपणाने बोला म्हणालात म्हणून लिहितो. माझ्या थोरल्या भावाचा खून झाला. आरोपी तरणा होता, त्याला वकील मिळाला, जामीन मिळाला. माझी आई सत्तरी ओलांडून गेली होती. गुडघे धरून ती कोर्टाचा जिना चढायची आणि तारीख पडली की तशीच उतरायची. तिची साक्ष तळमजल्यावर घ्या असा अर्ज कोणी केला नाही. आप्पांच्या हातून जो गेला त्याचीही आई-बायको असेल. त्यांच्या दारी जाऊन आलात का? मी या कागदावर सही करणार नाही.

सातपूरकर:
मीही विरोधातच. एकदा वय ऐकून घ्यायला लागलं की रांग लागते. अरुण गवळीने २००६ च्या धोरणावर बोट ठेवून, वय आणि अशक्तपणा सांगून मुदतीआधी सुटका मागितली. २०२४ मध्ये नागपूर खंडपीठाने ती मान्यही केली. सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली म्हणून तेव्हा थांबलं. आज बदली, उद्या रजा, परवा सुटका.

जेलरोडकर:
@सातपूरकर, ती सुटकेची मागणी होती. इथे एका कुलुपातून दुसऱ्या कुलुपात न्या म्हणतोय, शिक्षेचा एक दिवसही कमी होत नाही. आणि उशीर झाला की काय होतं तेही आपण बघितलंय. एल्गार परिषद प्रकरणात अटकेत असलेले पाद्री स्टॅन स्वामी ऐंशी ओलांडलेले, कंपवाताने हात थरथरायचे, तळोजा तुरुंगात पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच, दवाखान्यात वारले.

सातपूरकर:
ते कच्चे कैदी होते, गुन्हा शाबीत झालेला नव्हता. तुमचे आप्पा पक्के. दोघांना एका ओळीत बसवू नका.

जेलरोडकर:
गुन्ह्याच्या बाबतीत नाहीच बसवत. पण थरथरणाऱ्या हाताला पेला लागतो तो कच्च्यालाही आणि पक्क्यालाही.

वकील_शरणपूर_रोड:
दोन मुद्दे वेगळे ठेवा. अमुकच तुरुंग हवा, असा कैद्याचा हक्क नाही. त्याला जिवंत आणि धडधाकट ठेवणं मात्र सरकारचं कर्तव्य आहे, आणि अर्ज त्यावरच उभा करा. राज्यातल्या राज्यात बदलीचा अधिकार सरकारला आणि कारागृह महानिरीक्षकांना आहे. "वय झालं" एवढ्यावर कोणी सही करत नाही. मनगट मोडल्याची तुरुंगातल्या दवाखान्यातली नोंद मागा, तारीख लिहा, चष्म्याचं लिहा. उत्तर आलं नाही तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्ट. कैदेतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

निवृत्त_तुरुंग_शिपाई:
कारागृह खात्यात नोकरी केली आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो. बदलीने म्हातारा सुखी होतोच असं नाही. नव्या तुरुंगात तो पुन्हा नवा. जुन्या ठिकाणी बादली भरून देणारा, जेवणाच्या रांगेत ताट धरणारा कोणीतरी झालेला असतो, तो मागे राहतो. लहान तुरुंगात दादागिरी कमी, हे खरं. पण रात्री छातीत दुखलं तर डॉक्टर नसतो. बाहेरच्या दवाखान्यात न्यायला पोलिसांचा गार्ड लागतो आणि तो वेळेवर मिळेल याची खात्री नाही. म्हणून आधी तिथल्या तिथे बराक बदलून मागा. दवाखान्याशेजारची बराक किंवा म्हाताऱ्यांची बराक. ते अधीक्षकांच्या हातात असतं, वर फाईल जावी लागत नाही. आणि आप्पांना विचारलंत का?

जेलरोडकर:
विचारलं. म्हणाले, "नाशकात आणू नका. मुलाखतीच्या रांगेत गावची माणसं दिसतील." त्यामुळे नाशिकरोडचा हट्ट नाही, अर्जात ते नावच घातलेलं नाही. बादली भरून देणारा आहे, मान हलवली तोच. त्याची शिक्षा यंदा संपतेय, म्हणून तर घाई. बराकीचा अर्ज उद्याच अधीक्षकांच्या नावे स्पीड पोस्टाने टाकतो, बदलीचा त्याच्यामागोमाग.

@पिंपळगावचा_बागायतदार, त्या घरी आम्ही गेलो होतो. दार उघडलं नाही, आणि ते त्यांनी उघडावं असा आग्रह धरायचा आम्हाला अधिकार नाही. तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. साक्षीदार म्हाताऱ्या माणसांसाठी कोर्टात तळमजल्याची सोय व्हावी असा अर्ज कोणी करणार असेल तर माझी सही धरा.

पिंपळगावचा_बागायतदार:
तो अर्ज मी करतो, माझी आई आता नाही तरी. बदलीच्या कागदावर सही नाहीच. पण बराक बदलायला माझी ना नाही. म्हाताऱ्याने संडासापाशी झोपावं असं मी कुणाच्या बाबतीत म्हणणार नाही.

निवृत्त_तुरुंग_शिपाई:
पोस्टाची पावती जपून ठेवा. आणि अर्जात मार देणाऱ्यांची नावं लिहू नका. कागद आत फिरतो, त्याची फेड आप्पांना त्याच बराकीत करावी लागेल. नावं वकिलांमार्फत, आप्पांना तिथून हलवल्यावर.