ताळेबंद हा वकिलाचा विषय नाही?

वकील, यवतमाळ
एका सनदी लेखापालांनी काल लिहिले की, तालुक्याच्या वकिलाने कंपनीच्या ताळेबंदात डोके घालू नये, कारण त्याचे अर्धवट ज्ञान अशिलाला बुडवते. हे मला मुळीच पटलेले नाही. जिनिंग कंपनीकडे कापसाचा चुकारा अडकलेला शेतकरी आमच्याकडेच येतो, आणि मालाच्या किमतीचा दावा ३ वर्षांत लावावा लागतो. ती मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी लेखी कबुली मिळाल्यास मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदत नव्याने सुरू होते, आणि ताळेबंदातील नोंदही अशी कबुली ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बिशाल जयस्वाल प्रकरणात स्पष्ट केले आहे. देणी १ वर्षाच्या आतली किती, ३ वर्षांहून जुनी किती, वादग्रस्त किती, याचा तक्ता टिपांमध्ये असतो. तो वाचायला जमा-खर्चाची परीक्षा द्यावी लागत नाही.

लेखापाल, हिंगणघाट
तो मजकूर माझाच आहे. ताळेबंदासोबतच्या टिपा आणि लेखापरीक्षकाचा अहवाल पाहूनच कबुली ठरवावी, असेही त्याच निकालात म्हटले आहे, ते आपण गाळले. शिवाय त्या तक्त्यात आपल्या अशिलाचे नाव कुठे असते? एक वकील नफ्याचा मोठा आकडा पाहून माझ्यासमोर तडजोड नाकारून बसले होते. तो सगळा नफा उधारीच्या येण्यांत अडकला होता आणि बँकेत पैसा नव्हता, हे त्यांना रोख प्रवाहाचे पत्रक दाखवल्यावरच कळले.

शेतकरी, पांढरकवडा
तुम्ही दोघे कशाचे वाचन करता? आम्ही ज्या शेतकरी उत्पादक कंपनीचे भागधारक आहोत, तिने आम्हाला ताळेबंद कधी दाखवलाच नाही. सभेत विचारले, तर सचिवांनी ‘तुम्हाला काय समजणार’ म्हणून बसवले.

वकील, यवतमाळ
दादा, वार्षिक सभेची नोटीस किमान १४ दिवस आधी आणि तिच्यासोबत लेखापरीक्षित ताळेबंद मिळणे हा आपला कायदेशीर हक्क आहे. लेखी मागा.

लेखापाल, हिंगणघाट
या कंपन्यांची बाजूही ऐका. व्यवस्थापकाचा पगार निघत नाही, बिले पोत्यात भरून आणतात आणि ऐन शेवटच्या आठवड्यात लेखापरीक्षण मागतात.

शेतकरी, पांढरकवडा
भागभांडवल आमचे आणि कीव संचालकांची? काटापट्टी हातात घेऊन वर्षभर फिरलेल्या माणसाला पोत्यातल्या बिलांचे कौतुक सांगू नका.

लेखापाल, हिंगणघाट
आवाज चढवून हिशेब लागत नाही. तरी ताळेबंद सभासदाला मिळालाच पाहिजे, हे मी नाकारत नाही.

वकील, यवतमाळ
मग भागधारक नसलेल्यालाही कंपनी निबंधकाकडे दाखल झालेला ताळेबंद शुल्क भरून पाहता येतो, हेही सांगा. नावाचा आपला आक्षेप मात्र रास्त आहे: एकत्रित आकड्यावर विसंबता येणार नाही, कंपनीची खातेवही न्यायालयात हजर करण्याचा अर्ज द्यावा लागेल. पण ती मागायची हे सुचण्यासाठी आधी तक्ता वाचलेला हवा.

लेखापाल, हिंगणघाट
टिपांपुरते मान्य करतो. नफा-तोट्यावरून अनुमान काढण्यापूर्वी मात्र आमच्यापैकी कोणाला तरी विचारा.