मदत हवी आहे: 'स्कारबरो फेअर'मधली दुसरी चाल कोणत्या वाद्याला द्यावी?

नमस्कार मंडळी,

सायमन आणि गारफंकल यांचं 'स्कारबरो फेअर/कँटिकल' (१९६६) आम्ही वेस्टर्न फ्लूट, व्हायोलिन, चेलो आणि गिटारवर बसवतोय. गायक नाही. जुन्या इंग्लिश लोकगीताची ही चाल पॉल सायमनने लंडनमध्ये मार्टिन कार्थी या इंग्लिश लोकगायकाकडून घेतली. पण मला या गाण्याने धरून ठेवलंय ते कँटिकलमुळे. दुसऱ्या कडव्यापासून ही वेगळी चाल, युद्धाबद्दलचे वेगळे शब्द घेऊन, मूळ चालीत गुंफली जाते. शेवटच्या, पाचव्या कडव्यात ती नसते.

शब्द गेले की नेमकं हेच हरवतं. सध्या व्हायोलिनवर मूळ चाल आणि चेलोवर कँटिकल आहे, तर ऐकणाऱ्यांना चेलो नुसती साथ करतोय असं वाटतं. मला दोन माणसं एकाच वेळी बोलताहेत असं ऐकू यायला हवंय.

उलट करून मूळ चाल चेलोला आणि कँटिकल वर फ्लूटला द्यावी, असं मनात आहे. दोघांचा पोत इतका वेगळा की गल्लत व्हायची नाही. मग चौथ्या कडव्यात, जिथे शब्द थेट लढाईवर येतात, तिथे व्हायोलिनने काय करावं? ड्रम आणायचा नाही. पिझिकाटोने (तारा बोटाने छेडून) तीन मात्रांचा ठेका धरला तर नाच वाटेल, अशी भीती वाटते.

दुसरा पेच पट्टीचा. मूळ ध्वनिमुद्रण ई डोरियनमध्ये आहे (सा 'ई'वर, स्वर डोरियन या मोडचे), गिटारला सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा. तो चमकदार आवाज मला सोडवत नाही. पण पहिलं कडवं फ्लूटला द्यायचं, तर चाल त्याच्या खालच्या, दबक्या सप्तकात पडते. ए डोरियन केलं तर फ्लूट खुलतो, पण गिटारची ती चमक जाते. तुम्ही यातलं काय सोडाल?

आणि एक सांगतो, कुणी हे वाजवणार असेल तर उपयोगी पडेल. डोरियन म्हणजे स्वरांनी आपला काफी थाटच, धैवत शुद्ध. मूळ चालीत तो फक्त दुसऱ्या ओळीत येतो, पण गाण्याचा सगळा रंग त्यावर आहे. नेटवरची काही नोटेशन्स साध्या मायनरमध्ये, म्हणजे कोमल धैवताने आहेत, ती घेऊ नका.

चार वाद्यांसाठी अशी दुपदरी गाणी कुणी बसवली असतील, तर चौथ्या कडव्याबद्दल आधी सांगा. तिथेच अडलोय.