ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या पाटीवर ‘वेलबीइंग कोच’ कशाला?

कांडीवाली

थेट मुद्द्यावर येते. ऑक्युपेशनल थेरपिस्टने कोचिंगचं कसब, म्हणजे उपाय न सांगता प्रश्न विचारत समोरच्यालाच ठरवू देणं, जरूर शिकावं, पण पाटीवर ‘वेलबीइंग कोच’ असं वेगळं लिहू नये आणि त्याची वेगळी पॅकेजं विकू नयेत. सोलापुरात हल्ली दोन्ही दिसायला लागलंय. परवा होटगी रोडला एका नव्या क्लिनिकची पाटी पाहिली. पदवी होती, राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक होता, आणि दोन्हींपेक्षा मोठ्या अक्षरांत ‘वेलबीइंग कोच’.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आजारानंतर, अपघातानंतर किंवा जन्मापासूनच काही अडचण असेल तर माणसाला अंघोळ, स्वयंपाक, शाळा, नोकरी ही रोजची कामं पुन्हा किंवा वेगळ्या रीतीने करता यावीत, हे आमचं काम. भारतात याचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये कमला निंबकरांनी सुरू केलं. तरीही सोलापुरात आजही दहातले नऊ जण आम्हाला ‘मसाजवाली मॅडम’ समजतात, ते जाऊ द्या.

आता उदाहरण. बिडी वळणाऱ्या एका मावशींना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. घरचे त्यांना उठवताना डावा हात धरून ओढायचे, त्यामुळे खांदा सांध्यातून खाली सरकला होता. अशा वेळी ‘मावशी, तुम्हाला काय वाटतं, काय करावं?’ असं विचारणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. खांद्याला आधार कसा द्यायचा, उठवायचं कसं, हे मीच सांगायचं. पण महिन्याभराने ते विचारावंच लागतं. सगळ्यांनी गृहीत धरलेलं की मावशींना परत सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायच्यात. त्यांना ते नकोच होतं. बिडी कामगाराचं कार्ड त्यांच्या नावावर, बिड्या आता सुना वळतात. मावशींना हवं होतं माल द्यायला स्वतः कारखान्यात जाणं आणि छाट, म्हणजे नापास बिड्या, किती काढतात ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणं. सून तिथे भांडत नाही, हा त्यांचा राग! मग आमची सगळी थेरपी त्या वाटेवर आली. पायऱ्या, एका हाताने पिशवी, उभ्याने मोजणी.

तर हे विचारणं आमच्या शास्त्रात आधीपासून आहे. कॅनडातल्या थेरपिस्टांनी १९९१ मध्ये त्याची रीतसर मोजपट्टी काढली. रुग्णाने स्वतः महत्त्वाची कामं सांगायची, आपण ती कशी करतो आणि त्यात किती समाधान आहे याला १ ते १० गुण द्यायचे. जे आपल्याच घरात आहे ते बाहेरून विकत आणून त्यावर नवं लेबल कशाला?

निशिगंध

ताई, ती होटगी रोडची पाटी माझी नाही, पण माझ्याही पाटीवर आणि कार्डावर तेच आहे, म्हणून उत्तर देते.

मोजपट्टी आपल्या पुस्तकात आहे हे खरं. प्रत्यक्षात किती जण वापरतात? सरकारी ओपीडीत रांग असते, माणशी दहा मिनिटं मिळत नाहीत. खाजगीत काय करतात? व्यायामाच्या चित्रांची झेरॉक्स हातात देतात. ती झेरॉक्स घरी देवाच्या फोटोमागे जाते आणि पुढच्या वेळी आपण विचारतो, ‘केलं का?’ ते म्हणतात, ‘होय की मॅडम.’ दोघंही खोटं बोलतोय हे दोघांनाही माहीत असतं.

मला चार वर्षांच्या कॉलेजात ‘काय विचारायचं’ ते शिकवलं. विचारल्यावर गप्प कसं राहायचं हे कोचिंगच्या कोर्सने शिकवलं. समोरचा माणूस स्वतःहून एक छोटी गोष्ट ठरवेपर्यंत थांबायचं, ती कधी आणि कुठे करणार हे त्याच्याच तोंडून वदवायचं, आठवड्याने फोन करायचा. यात कमीपणा काय आहे? न्यूझीलंडच्या फिओना ग्रॅहम स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. त्यांनी मुलांच्या पालकांसाठी कोचिंगची पूर्ण पद्धत बसवली आणि तिच्या नावातच ‘कोचिंग’ ठेवलं. त्यांना लाज वाटली नाही.

आणि पाटीचं म्हणाल तर, चादरीच्या कारखान्याचा मालक रात्री झोप नाही, दिवसभर चिडचिड, जेवणाला वेळ नाही म्हणून ‘थेरपी’ला कधीच येणार नाही. ‘मला काय लकवा झालाय का?’ असं तोंडावर विचारतो. कोचकडे मात्र येतो.

गेटमीटिंग

मी या क्षेत्रातला नाही. वडील गिरणीत होते, मी युनियनचं काम करतो. तुम्हा दोघींचं वाचून एकच सांगावंसं वाटलं.

कोच काय सांगणार? दिनचर्या बदला, स्वतःसाठी वेळ काढा, पाणी भरपूर प्या. काय ओ ताई, आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, ते पण कधी रात्री दोनला. ज्या घरी बाई घागरी घेऊन जागी बसते त्या घरची दिनचर्या महापालिका ठरवते. यंत्रमागावरचा माणूस बारा तासांची पाळी करतो. त्याच्या कानात खडखडाट, पायात गोळे, आणि पगार विणलेल्या कापडाच्या मीटरवर. त्याला ‘तुमच्या आनंदाचं ध्येय काय’ विचारणार? त्याने धोटा फेकून मारला तर मला सांगू नका.

माणसाच्या तब्येतीची जबाबदारी त्याच्याच गळ्यात बांधायची आणि मालक, सरकार मोकळे, हा सगळा त्यातला डाव आहे.

साधा_माणूस

+१. आमच्या कॉलनीत सकाळी वजन कमी करायचे मिल्कशेक पाजणारे पण स्वतःला वेलनेस कोच म्हणतात. वजन कमी झालं नाही तर तुमचीच श्रद्धा कमी.

कांडीवाली

गेटमीटिंग दादा, तुमचा राग समजतो आणि अर्धा पटतो. म्हणूनच तर मी ‘थेरपी’वर अडून बसलेय. आमच्या शास्त्रात माणूस, त्याचं काम आणि भोवतालची परिस्थिती हे तिन्ही एकत्र तपासायचं असतं. बिडीवाल्या बाईची मान दुखते तेव्हा मी तिला मनःशांती शिकवत नाही. ती किती वेळ एका जागी मांडी घालून बसते, पाठीला टेका आहे का, उजेड कुठून येतो, तेंदूपत्ता कापायची कात्री बोथट आहे का, हे बघते. भिंतीला टेकून बसलं, सुपाखाली उशी ठेवून ते उंच केलं, की मान कमी वाकते. यातलं काहीही तिच्या ‘मानसिकते’त नव्हतं.

मजुरी वाढवणं मात्र माझ्या हातात नाही. ते काम तुमचं.

जुळेसोलापूरकर

मी पालक म्हणून लिहितो. मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम आहे.

पहिल्या ठिकाणी आम्हाला घरी करायच्या गोष्टींची दोन पानी यादी मिळाली. ब्रशिंग (अंगावरून मऊ ब्रश फिरवणं), झोका, मण्यांची माळ, सगळं बरोबरच असणार. पण बायकोची नोकरी, माझी फिरती. यादीतलं निम्मंही व्हायचं नाही आणि रात्री दोघांत भांडण, ‘तू केलं नाहीस’ म्हणून. थेरपीमुळे घरात तणाव वाढला असं म्हटलं तर चालेल.

दुसऱ्या मॅडमनी यादी दिलीच नाही. विचारलं, ‘दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते?’ आम्ही एकदमच म्हणालो, सकाळी शाळेची रिक्षा यायच्या आधीची वीस मिनिटं. मग तीन-चार आठवडे फक्त त्याच वीस मिनिटांवर काम. मोजे घालताना तो किंचाळायचा. मोज्याची शिवण बोटांना टोचत असेल, उलटे घालून बघा, हे मॅडमनी सांगितलं. ते आम्हाला सात जन्मांत सुचलं नसतं. पण गणवेश रात्रीच घालून झोपवायचा आणि सकाळी फक्त मोजे-बूट, ही युक्ती बायकोची. मॅडम नुसत्या ‘मग काय करून बघता येईल?’ एवढंच विचारत राहिल्या. गणवेश चुरगळतो. शाळेने एकदा टोकलंही. चालतंय.

आता यातलं थेरपी कुठलं आणि कोचिंग कुठलं, मला सांगता येणार नाही. पाटीचं भांडण तुमचं तुम्ही मिटवा. पण कांडीवाली ताई, यादी देणाऱ्यांकडेही पदवी होतीच की.

मनोमन

मी मानसशास्त्रात काम करते. मला वेगळी काळजी आहे.

कारखान्याचा मालक झोप नाही म्हणून येतो. ती ताणामुळे नसेल, नैराश्य असेल, दारू असेल, तर? निशिगंधने चार वर्षं शिकलेलं आहे, मानसोपचार विभागात तिची ड्यूटी झालेली असते, ती ओळखेल. पण ‘कोच’ या शब्दामागे तेवढं शिक्षण असेलच असं नाही. आरोग्य क्षेत्रातल्या संलग्न व्यवसायांसाठी २०२१ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याच्या यादीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, समुपदेशक आहेत, अगदी डायबेटिस एज्युकेटरही आहेत. कोच नाही. म्हणजे उद्या कोणीही उठून कोच होऊ शकतो, आणि चुकला तर तक्रार कोणत्या परिषदेकडे करणार?

ज्यांना खरंच त्रास होतोय त्यांच्यासाठी: टेली-मानस, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

निशिगंध

मनोमन मॅडम, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो! यादीत कोच नाही म्हणूनच ही जागा नोंदणी असलेल्या माणसाने घ्यायला हवी. आपण सोवळ्यात राहिलो तर ती शेकवाले घेतील. घेतलीच आहे.

आकडेमोड

थोडी भर. १९९७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात लॉस एंजेलिसचा एक प्रयोग छापून आला होता. स्वतंत्रपणे राहणारे ६० वर्षांवरचे ३६१ लोक घेतले, त्यांचे तीन गट केले. एका गटाबरोबर ऑक्युपेशनल थेरपिस्टनी ९ महिने काम केलं: दिवस कसा घालवता, बाहेर कसं पडता, कुठलं काम जगण्याला अर्थ देतं, आणि त्यात काय बदलता येईल. दुसऱ्या गटाला नुसते खेळ, सहली, गप्पा, तेही थेरपिस्टशिवाय. तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्या गटाची तब्येत आणि समाधान सुधारलं. दुसरा आणि तिसरा गट जवळजवळ सारखेच राहिले.

म्हणजे धडधाकट माणसाच्या स्वास्थ्यासाठीही ऑक्युपेशनल थेरपी चालते, पण करणारा जाणकार लागतो. नुसतं माणसांना एकत्र बसवून भागत नाही. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने याची दखल घ्यावी, तिथे नुसता हास्यक्लब चाललाय.

कांडीवाली

आकडेमोड, धन्यवाद, हा अभ्यास मी लिहिणारच होते. बघ निशिगंध, त्यांनी हे सगळं ऑक्युपेशनल थेरपी म्हणूनच केलं. कोचची पाटी लावावी लागली नाही.

इंग्लंडमध्येही सरकारी आरोग्यसेवेने २०२० पासून वस्तीपातळीवरच्या दवाखान्यांत ‘हेल्थ अँड वेलबीइंग कोच’ नेमले, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टही. पदं दोन, कामं दोन. एकाच माणसाच्या डोक्यावर दोन टोप्या नाहीत.

निशिगंध

कोचची नाही, पण नवी पाटी लावलीच ताई. तो प्रयोग करणाऱ्या विद्यापीठाने त्या कार्यक्रमाला ‘लाइफस्टाइल रीडिझाइन’ असं नाव दिलं आणि त्याचा ट्रेडमार्कही घेतला. आणि इंग्लंडमध्ये दोघांचाही पगार सरकार देतं. इथे रुग्ण खिशातून देतो. त्याला दोन माणसांची फी परवडणार आहे का?

गेटमीटिंग

फीचा विषय निघालाच आहे तर विचारतो. कांडीवाली ताई, त्या मावशींकडून किती घेतले?

कांडीवाली

पहिल्या दोन वेळा घेतले, नंतर नाही. सगळ्यांनाच असं करता येत नाही, पण काही घरं आम्ही अशी धरून असतो.

निशिगंध

मग आता मी पण खरं सांगते. माझ्याकडे दुपारी कुंभारी आणि विडी घरकुलाकडून बायका येतात, त्यांच्याकडून मी रिक्षाभाड्याइतकेही घेत नाही. माझी जागा, लाइटबिल, मदतनीस मुलीचा पगार हे सगळं संध्याकाळच्या कोचिंगवाल्यांतून निघतं. तुम्ही ज्या पॅकेजला नाव ठेवताय ना, त्यावर माझी दुपार चालते.

आणि अजून एक. एक गृहस्थ कोचिंगसाठीच येत होते. तिसऱ्या भेटीत सहज म्हणाले की हल्ली उजव्या हातातून चहाचा कप निसटतो. मी तिथेच सगळं थांबवून हाताची ताकद, बोटांची पकड, बोलणं तपासलं आणि त्याच संध्याकाळी न्यूरोकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कोचची पाटी नसती तर ते माझ्यासमोर बसलेच नसते.

कांडीवाली

आणि पदवी नसती तर कप निसटतोय हे ऐकून तू ‘मग काय करून बघता येईल?’ विचारलं असतंस. त्यांना वाचवलं ते कोचने नाही.

दुपारचं वाचून बरं वाटलं, खोटं बोलत नाही. पण एक सांग. त्या गृहस्थांची हाताची तपासणी केलीस त्या दिवशीची पावती कसली फाडलीस? कोचिंगची की थेरपीची? थेरपीची असेल तर केसपेपर कुठे आहे, आधीच्या दोन भेटींत रक्तदाब, औषधं, काही लिहून ठेवलं होतंस का? कोचिंगची असेल तर परिषदेसमोर ती तपासणी कुठल्या अधिकाराने केलीस असं विचारलं तर काय दाखवशील?

निशिगंध

पावती कोचिंगचीच होती. केसपेपर नव्हता, फक्त ध्येयांची वही होती.

या महिन्यापासून संध्याकाळी येणाऱ्या प्रत्येकाचाही पहिल्या दिवशी पूर्ण केसपेपर करतेय: आजार, औषधं, झोप, व्यसन, कामाचे तास. दोन मालकांनी फॉर्म बघून ‘हे काय दवाखान्यासारखं’ म्हणून तोंड वाकडं केलं, त्यातला एक परत आला नाही. पाटी मात्र काढणार नाही.

मनोमन

निशिगंध, तो फॉर्म इथे टाकशील का? झोप आणि व्यसनाचे प्रश्न कसे विचारलेत ते बघायचंय.