जुन्या जीपला बोलेरोचं पॉवर स्टिअरिंग: बसवावं का नाही?

घाटातली_जीप (सातारा)
माझ्याकडं १९९४ ची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, वडलांनी घेतलेली. शेत कासच्या वाटेला, त्यामुळं यवतेश्वर घाट रोजचाच. मागच्या वर्षी मी रुंद टायर टाकले आणि तेव्हापासून स्टिअरिंग एवढं जड झालंय की वळणावर वडलांचा खांदा भरून येतो, वय ६८ आहे त्यांचं. आता भंगारवाल्याकडं बोलेरोचा पॉवर स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगच्या दांड्याखालचा गिअरचा डबा), पंप आणि कॉलम म्हणजे तो दांडा असा सगळा सेट मिळतोय. गॅरेजवाला म्हणतो दोन दिवसात बसवतो, ड्रॉप आर्म (बॉक्समधनं बाहेर येणारा हात) गरम करून जरा वाकवायचा आणि ड्रॅग लिंक (तो हात चाकांना जोडणारी दांडी) कापून मापात जोडायची. माझं मत बसवावं असंच आहे, जुन्या गाड्या अशाच तर जगल्यात. तुमचं काय म्हणणं?

अलाइनमेंट_मिरज
नका बसवू. ड्रॉप आर्म फोर्जिंगचा म्हणजे ठोकून घडवलेला असतो, त्याला ठरलेलं पाणी दिलेलं असतं, गॅसवर लाल केला की ती ताकद गेली आणि हे डोळ्याला दिसत नाही. ड्रॅग लिंकचा जोड सुटला तर तुमच्या हातात नुसतं चाक उरतं. ब्रेक गेला तर हँडब्रेक तरी ओढता येतो, गिअर टाकता येतो, स्टिअरिंग गेलं तर काय करणार दरीच्या कडेला?

लेथ_एमआयडीसी_सातारा
वाकवणं आणि वेल्डिंग चूक, यात वाद नाही. पण म्हणून काम करूच नका हे मला पटत नाही. काम करायची रीत आहे. ड्रॉप आर्म वाकवायचा नाही, ज्याचे दाते बॉक्सच्या शाफ्टला जुळतात आणि लांबी बसते असा शोधायचा. ड्रॅग लिंक एकसंध नवी बनवायची, दोन्ही टोकांना आटे. बॉलजॉइंटचा (टोकाच्या गोळीच्या सांध्याचा) टेपर म्हणजे निमुळतेपणा आणि आर्मच्या भोकाचा टेपर वेगळा निघाला तर रीमर मारून भोक मापात आणायचं आणि रंग लावून तपासायचं की पूर्ण उंचीला टेकतोय का, कारण नट आवळला म्हणजे बसला असं नसतं. अर्धाच टेकला तर आत हलत राहतो आणि एक दिवस मानेतनं तुटतो. चासीला (गाडीच्या सांगाड्याला) बॉक्स जिथं बसतो तिथं मागनं जाड पट्टी, कारण पॉवरचा बॉक्स जास्त जोर लावतो आणि पातळ चासी बोल्टाच्या भोकापासनं तडकते. एवढं सगळं केलं तर काय वाईट आहे?

पद्मिनीवाला_सांगली
मी केलंय म्हणून सांगतो. काकांच्या प्रीमियर पद्मिनीला मी बॉक्सच्या जागी एका छोट्या गाडीची रॅक (दातेरी पट्टीचं स्टिअरिंग) बसवून घेतली होती, सगळं नीट, वेल्डिंग कुठंच नाही, उभ्या गाडीत स्टिअरिंग लोण्यासारखं. सांगली कोल्हापूर रस्त्यावर पहिल्याच उंचवट्यावर गाडी आपोआप डावीकडं ओढली. मला वाटलं टायरची हवा. पण कारण वेगळं होतं. चाक वरखाली होताना त्याला धरणारा विशबोन एका कमानीत फिरतो आणि त्याला वळवणारा टाय रॉड दुसऱ्या, या दोन कमानी जुळल्या नाहीत तर प्रत्येक खड्ड्यात चाक स्वतःहून वळतं. रॅकची उंची आणि टाय रॉडची आतली टोकं मूळ जागेवर नव्हती. स्प्रिंग काढून जॅकवर चाक वरखाली करत टो (चाकाचं पुढचं टोक आत की बाहेर वळलंय ते) मोजला तेव्हा कळलं. रॅक खाली घेतली, मग थोडी वर, पूर्ण कधीच गेलं नाही. पुढच्या टायरच्या कडा सहा महिन्यात गुळगुळीत. शेवटी जुना बॉक्स परत बसवला. पार्ट बसतो हो, पण दुसऱ्या गाडीची भूमिती त्याच्याबरोबर येत नाही.

लेथ_एमआयडीसी_सातारा
तुमच्या पद्मिनीला पुढं दोन्ही चाकं सुटी म्हणजे वेगवेगळी वरखाली होणारी आहेत, जीपला दोन्ही चाकांना मिळून एकच सरळ अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा. तिथं दोन चाकांमधला टाय रॉड अ‍ॅक्सलबरोबरच हलतो, त्यामुळं टो बदलत नाही.

अलाइनमेंट_मिरज
टो नाही बदलत पण ड्रॅग लिंकचं काय? तिचं एक टोक चासीवर आणि एक अ‍ॅक्सलवर, बॉक्सची जागा बदलली की तिचा कोन बदलला, मग खड्ड्यात दोन्ही चाकं मिळून एका बाजूला जातात आणि हातात झटका येतो. आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागं असलेला कल? हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीला कॅस्टर साधारण कमी ठेवतात कारण जास्त ठेवला तर फिरवायला जड. पॉवर लावल्यावर त्याच कॅस्टरवर गाडी सुटी सुटी वाटते, वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही. मग पाटे आणि अ‍ॅक्सलमध्ये पाचर टाका, म्हणजे अजून एक बदल.

आरसीबुक_कराड
एक राहिलंच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासनं वेगळा बदल चालणार नाही. नंतरच्या दुरुस्तीत एका बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९९४ ची गाडी म्हणजे दर पाच वर्षांनी आरटीओ समोर उभी करायची आहेच. दंडापेक्षा मला भीती अपघाताची, समोरच्याला लागलं आणि विमा कंपनीनं बॉक्स बघून पैसे नाकारले तर शेत विकायची वेळ येईल.

लेथ_एमआयडीसी_सातारा
कायद्याचं मान्य. पण मूळ बॉक्सचा वर्म (आतला स्क्रूसारखा गिअर) घासला, बाजारात चांगला मिळेना, तर माणसानं जीप कापायला द्यायची का? खुळखुळणारा मूळ बॉक्स घेऊन घाट उतरणं मला त्याहून धोक्याचं वाटतं.

अलाइनमेंट_मिरज
त्यांचा बॉक्स गेलाय असं कुणी म्हटलंय? जड झालाय, तेपण रुंद टायर टाकल्यावर. दादा, पुढची दोन्ही चाकं जॅकवर घ्या, ड्रॅग लिंक नकलपासनं (चाकाच्या वळणाऱ्या सांध्यापासनं) सोडवा आणि चाकं हातानं फिरवा. तिथं जड लागली तर किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंग कोरडी आहेत, बॉक्सचा संबंध नाही. मोकळी फिरली तर नुसतं स्टिअरिंग फिरवून बॉक्स बघा. आणि मूळ मापाचे टायर परत टाका आधी.

घाटातली_जीप (सातारा)
खरं सांगायचं तर ग्रीस कधी भरलं आठवत नाही. जुने टायर गोठ्यात आहेत अजून. भंगारवाल्याला रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय, शनिवारी जॅकवर घेतो.

लेथ_एमआयडीसी_सातारा
बॉक्स खराब निघाला तर माझ्याकडं घेऊन या. ड्रॉप आर्म मात्र गॅसवर कुणालाही धरू देऊ नका.