ल्युबेकमध्ये एका दिवसात काय पाहावे?

प्रश्न : हॅम्बुर्गहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचे आहे. ल्युबेकच्या जुन्या शहरातले काय चुकवू नये?

उत्तर १ : स्थानकाकडून चालत आलात की आधी होल्स्टेनटोर ही १४७८ साली पूर्ण झालेली वेस लागते, जमीन दलदलीची असल्याने तिचे बुरूज चक्क कललेले आहेत. शेजारीच त्रावे नदीकाठी मिठाची जुनी कोठारे आहेत. ल्युनेबुर्गहून येणारे हे मीठ हेरिंग मासे खारवण्यासाठी उत्तरेकडे रवाना होई.

उत्तर २ : माझ्या मते वेशीपेक्षा सेंट मेरी चर्चला अधिक वेळ द्यावा. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात मनोऱ्यातून कोसळलेल्या घंटा, फुटलेल्या आणि फरशीत रुतलेल्या, तशाच जपून ठेवल्या आहेत.

उत्तर ३ : सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्ट जाते, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको.