रिंगा टाकण्याआधी लायनर बघा

डिझेल इंजिनच्या पिस्टनला नुसत्या नव्या रिंगा टाकून भागेल का, ते बॅक कॉम्प्रेशन (रिंगांच्या बाजूने खाली निसटणारा गॅस) कितपत आहे त्यावर. इंजिन गरम झाल्यावर ऑइलचं झाकण काढा. भकाभका धूर आला तर आधी लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, तपासा. वरच्या रिंगेची धाव जिथे संपते तिथे नख अडकलं, तर नव्या रिंगांचे पैसे पाण्यात. वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारे) असतील तर खालच्या रबरी सीलला पीळ पडू देऊ नका, नाहीतर पाणी खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइलचं ताक होतं. जुन्या महिंद्राचं २११२ सीसी प्युजो इंजिन असेल, तर थंडीतल्या स्टार्टिंगसाठी हीटर प्लगही तपासा. बाकी सगळं घरी करा, पण डिझेल पंप घरी खोलू नका. तो आणि नोझल (डिझेल फवारणारी तोटी) पंपवाल्याकडेच. कॅलिब्रेशनचं, म्हणजे डिझेलचं माप जुळवायचं मशीन त्याच्याकडे असतं.